परीक्षानळीचं तोंड भिंतीकडे

आमच्या मेहुण्यांच्या मते या पृथ्वीवर संपूर्ण सुरक्षित अशी एक जागा नक्की असणार, फक्त ती त्यांना अजून सापडलेली नाही. शोध मात्र अखंड चालू असतो. लग्नाचा मांडव असो, कुणाची ओसरी असो, एसटी असो की दवाखाना, मेहुणे आधी दारातच थबकतात. डावीकडून उजवीकडे नजर फिरवतात, छताकडे बघतात, एकदा नाकाने हवा ओढतात आणि मगच आत पाऊल टाकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे गृहस्थ जागा विकत घ्यायला आलेत. मी त्यांच्या बहिणीला बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझीही अशीच पाहणी केली होती. त्या दिवशी मी नवा झब्बा घातला होता आणि अंगावर अत्तर जरा सढळ हाताने लावलं होतं. समोरचे थोरले भाऊ माझ्याकडे डावीकडून उजवीकडे बघतायत, मग किंचित पुढे वाकून वास घेतायत, हे पाहून मला वाटलं, आता शिक्षण विचारतील, पगार विचारतील, निदान गाव तरी विचारतील. ते म्हणाले, "ह्यात स्पिरिट लई असतंय. शेगडीपासून जरा लांब बसा." आमच्या नात्याची सुरुवात या वाक्याने झाली. मी लांब बसलो आणि स्थळ पसंत पडलं.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, आणि नोकरीतले माझे सहकारीही. वेल्ह्याच्या रस्त्याला मार्गासनीच्या पुढे आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथे ते रसायनशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. म्हणजे त्यांच्या विषयात माणूस भाजू शकतो आणि माझ्या विषयात फार तर झोपू शकतो. दोघांचंही घर नसरापुरात. ते मला रीतीप्रमाणे दाजी म्हणतात, मी त्यांना बायकोच्या मागोमाग दादा म्हणतो. पण त्यांच्या तोंडी 'दाजी' हा शब्द सहसा एकटा येत नाही, पुढे 'लांब थांबा' लागूनच येतं.

आमचं लग्न सारोळ्याला झालं. कार्यालय नदीच्या अंगाला, वारा मोकळा. होम पेटला आणि मेहुणे वाळूने भरलेली लाल बादली घेऊन आमच्या मागे येऊन उभे राहिले. नवरीचा मामा जिथे उभा राहतो तिथे आमच्या लग्नाच्या फोटोत बादली आहे. फोटोवाल्याने तिला टाळायचा खूप प्रयत्न केला, पण मेहुणे तिच्यासह सरकत राहिले. गुरुजींनी तुपाची पळी जरा मोठी सोडली की मेहुणे बादलीचा कान धरायचे. बायकोच्या शालूचा पदर त्यांनी आधीच पिनांनी असा जखडला होता की तिला नमस्काराला वाकता येईना. माझं उपरणं तर काढूनच घेतलं. शेवटी गुरुजी वैतागले. म्हणाले, "अहो, अग्नीला साक्षीला बोलावलंय. विझवायला नाही." मेहुणे शांतपणे म्हणाले, "देऊ द्या की साक्ष. साक्षीदार हाताबाहेर गेला तर म्या हाय." अल्बम बघणारे पाहुणे अजून विचारतात, हे बादलीवाले कोण. मी सांगतो, मुलीकडचे.

घरी आले की पहिला मुक्काम आमच्या मोरीत. फरशी घासायचं अ‍ॅसिड आणि कपड्यांची ब्लीचिंग पावडर एका फळीवर दिसली की त्यांना चहा गोड लागत नाही. ही दोन एकत्र आली तर जो वायू निघतो तो छातीत बसतो, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आमच्या घरात त्या दोन वस्तू न बोलणाऱ्या जावांसारख्या घराच्या दोन टोकांना राहतात. चहा आला की कप तोंडाला लावण्याआधी हाताने वाफ हळूच नाकाकडे वळवून घेतात, थेट नाक घालत नाहीत. सोड्याची बाटली उघडायची तर तिचं तोंड भिंतीकडे. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख आहे, आणि ते अक्षर तिचं नाही. एकदा मी घरात एकटा होतो. एका वाटीत पांढरं काहीतरी होतं. साखर की मीठ कळेना, म्हणून मी बोट बुडवून चाटलं. नेमके त्याच वेळी मेहुणे दारात उभे. त्यांचा चेहरा पडला. चप्पल न काढताच ते आत आले, वाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "दाजी, चाखून वळखायची सवय वाईट. असा माणूस एकदाच चुकतो." मीठच होतं. पण नंतर कितीतरी दिवस मला ते खारट लागण्याऐवजी भीतिदायक लागत होतं.

त्यांची प्रयोगशाळा हा मात्र वेगळा प्रांत होता. देवळात चपला काढून जातात, आमच्या प्रयोगशाळेत बूट घालून जायचं. डोंगरातून येणाऱ्या मुलामुलींच्या पायात पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या चपला असतात, म्हणून मेहुण्यांनी ओळखीपाळखीत फिरून जुने बंद बूट गोळा केले होते. ते दारापाशी खोक्यात असायचे. ज्याला जो बसेल तो त्याने घालायचा. आमच्या अनेक मुली मामाच्या वयाच्या माणसाचे बूट घालून क्षार ओळखायला शिकल्या. ओढणी पाठीमागे गाठ मारून, केस बांधून, डोळ्यांवर जाड चष्मा. अ‍ॅसिडच्या बाटल्या गुडघ्याच्या खालच्या फळीवर, कारण पडलीच तर तोंडावर पडू नये. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही. दिवा विझलाय असं वाटलं तरी हात वर धरून ऊब बघायची, कारण उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. एका कोपऱ्यात नळाला रबरी नळी लावलेली. रोज पहिल्या तासाआधी ते तो नळ सोडून बघायचे, पाणी येतंय ना. मुलं त्यांना 'सावधान सर' म्हणायची. ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मला प्रयोगशाळेत प्रवेश नव्हता. माझ्या झब्ब्याच्या बाह्या ढगळ, पायात कोल्हापुरी आणि गळ्यात साहित्यिकासारखं दिसावं म्हणून मी बाळगलेला मफलर. मेहुण्यांच्या हिशेबात मी म्हणजे चालतीबोलती वात. एकदाच त्यांनी मला तिथल्या कामात घेतलं. सुरक्षेच्या सूचनांचा फलक मराठीत हवा होता. मी दोन दिवस बसून तो लिहिला. 'दाहक द्रव्यांशी सलगी करताना विद्यार्थ्यांनी विवेकाचा लगाम सैल पडू देऊ नये' हे त्यातलं सगळ्यात सोपं वाक्य होतं. मेहुण्यांनी फलकासमोर उभं राहून बोट फिरवत सगळं वाचलं. म्हणाले, "लई भारी लिवलंय दाजी. पर हे वाचून व्हईस्तवर पोरगं भाजंल." मग त्यांनी खडूने फळ्यावर लिहिलं: 'नळीचं तोंड भिंतीकडं. आपलं तोंड नळीपासून लांब.' माझा फलक वाया गेला नाही. मागच्या बाजूला सांडपाण्याच्या उघड्या गटारात कुणाचा पाय जाऊ नये म्हणून तो त्यावर टाकला. माझ्या लेखनाने समाजाचं एवढं प्रत्यक्ष रक्षण आधी कधी केलं नव्हतं.

माणूस इतका जपून वागतो म्हणजे त्याच्या आयुष्यात कधीतरी काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असा माझा मराठीच्या मास्तरचा अंदाज. स्फोट, धूर, एखादा जिवलग मित्र, असं बरंच मी मनात रचून ठेवलं होतं. एका दुपारी त्यांचा मूड बघून आवाज खाली आणून विचारलं, "दादा, नेमकं काय झालं होतं हो?" ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "कधी? काय झालं न्हाई की. इतकी वर्षं काय झालं न्हाई, हेच तर कमावलंय." माझी कथा तिथेच बारगळली.

आणि मग एका पावसाळ्यात झालं.

वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस भिंती ओल्या, वह्या ओल्या, आणि प्रयोगशाळेत चष्म्यांवर सतत वाफ धरलेली. मेहुण्यांनी त्यावर उपाय काढला होता. काचेला आतून साबणाचा पातळ हात फिरवायचा, मग वाफ धरत नाही. त्या दिवशी बारावीचं प्रात्यक्षिक चालू होतं. माझा तास नव्हता, म्हणून मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून आत बघत होतो. पासलीच्या वरच्या वाडीतली कोमल नावाची मुलगी होती. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली, वर्गात फारसं न बोलणारी. तिच्या चष्म्याचा साबण निघून गेला असावा. तिने पुसायला म्हणून चष्मा कपाळावर चढवला. समोरच्या टेबलावरचा मुलगा परीक्षानळीत कॉस्टिक सोडा घालून तापवत होता. तेवढ्यात खिडकीबाहेरचा पत्रा वाऱ्याने दणकन आपटला. तो मुलगा दचकून तिकडे वळला आणि नळीचं तोंडही वळलं. नळीतलं उकळतं द्रावण एकदम उसळून बाहेर आलं आणि कोमलच्या डोळ्यात गेलं.

ती ओरडली नाही. फक्त "सर" म्हणाली आणि तिने डोळ्यावर हात दाबला.

मेहुणे धावले नाहीत. प्रयोगशाळेत धावायचं नाही हा त्यांचाच नियम. पण त्यांच्या ढांगा मी एवढ्या लांब कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी तिच्या मानेला आधार देऊन तिला कोपऱ्यातल्या नळापाशी नेलं, तिचा हात बाजूला केला, बोटांनी पापण्या उघड्या धरल्या आणि रबरी नळीतून पाणी सोडलं. बाकीच्यांना म्हणाले, "दिवे विझवा. भिताडाला जाऊन उभं ऱ्हावा." सगळं त्याच आवाजात, ज्या आवाजात ते हजेरी घेतात.

या सगळ्यात मी काय केलं, हेही सांगायला हवं. मी उंबऱ्यावर उभा राहून "अरे काहीतरी करा" असं ओरडलो. मग मला शाळेत शिकलेलं एकुलतं एक रसायनशास्त्र आठवलं, की अल्कलीला आम्ल मारतं. मी तसाच धावत चहाच्या टपरीवर गेलो, एक लिंबू आणलं, वाटेत ते दाताने फोडलं आणि मेहुण्यांपुढे धरलं. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "डोळ्यात पाण्याबिगर काय घालायचं नसतंय. लिंबू खिशात ठेवा आन् गाडी बघा."

गाडी मिळाली. गावातल्या एकाची जीप दारात येऊन हॉर्न वाजवू लागली, प्राचार्य छत्री न घेताच पळत आले. "अहो, आधी दवाखान्यात न्या तिला. पोरीच्या डोळ्याचा प्रश्न आहे." मेहुणे नळी धरून तसेच उभे. "आधी पाणी. दवाखाना पळून जात न्हाई सर, डोळा जातोय." प्राचार्य त्यांच्यावर चिडले, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत राहिला, मुली रडायला लागल्या, आणि मी हातात अर्धं लिंबू घेऊन सगळ्यांच्या मध्ये. कोमल थंडीने कुडकुडत होती. मेहुणे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. "वर बघ. आता खाली. मिटू नगंस. तुझ्या शेळ्यांची नावं काय? सांग. ती काळी कोणती म्हणालीस? आता डावीकडं बघ." ती रडत रडत शेळ्यांची नावं सांगत होती. सगळ्या शेळ्या संपल्या, मग मेंढ्यांवर आली. त्या संपल्यावरच त्यांनी नळ बंद केला. जीपमध्येही पाण्याचा कॅन घेऊन बसले आणि भोरला पोहोचेपर्यंत डोळ्यावर धार धरून होते. त्यांच्या आणि तिच्या अंगावर एक कोरडा धागा नव्हता. माझ्याही नव्हता, कारण कॅनचं झाकण माझ्याकडे होतं आणि ते मी मार्गासनीच्या वळणावर हरवलं.

भोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, वरच्या थराला इजा झालीय, थेंब घाला, पट्टी ठेवा, दृष्टी शाबूत राहील. कुणी धुतलं, असं त्यांनी विचारलं. मी मेहुण्यांकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "नशीब तिचं. लोक तसंच घेऊन येतात." मेहुणे बाकावर बसून होते, पायाखाली पाण्याचं थारोळं. त्यांना ही शाबासकी पोहोचलीच नाही. डॉक्टर आत गेल्यावर ते मला म्हणाले, "धुवायची येळच याय नको होती, दाजी. दोन टेबलांची तोंडं एकमेकांकडं होती. म्या रोज बघत होतो आन् दिसलं न्हाई मला." मी खिशात हात घातला तर लिंबू. ते मी परत आत ठेवलं.

डोळा बरा झाला, पण कोमल कॉलेजला आली नाही. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला की शिक्षण झालं तेवढं पुरे. एका रविवारी मेहुणे मला घेऊन निघाले. पासलीपर्यंत एसटी, पुढे चढ. मी वर्षानुवर्षं निसर्गवर्णन शिकवतोय, पण त्या चढावर मला एकही विशेषण सुचलं नाही. मेहुणे काठीने पुढचा दगड हलतो का ते बघत चालले होते, मी त्यांच्या मागून हलणाऱ्या दगडांवर नेमका पाय ठेवत. वाडीवर पोहोचलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घोंगडी अंथरून आम्हाला बसवलं, ताक दिलं. कोमल आतल्या दाराला टेकून उभी होती. डोळा स्वच्छ दिसत होता. तिच्या भावाचं रांगतं पोर अंगणात फिरत होतं.

वडील सरळ बोलले. "मास्तर, तुमी चांगलं मानूस. डोळा तुमीच वाचीवला, म्या इसरायचा न्हाई. पर ती जागाच वंगाळ हाय. म्या पोरीला तिकडं धाडायचा न्हाई."

आता मेहुणे काय बोलतात म्हणून मी बघतोय, तर ते मान हलवून म्हणाले, "बराबर हाय तुमचं. जागा धोक्याचीच हाय."

मी थक्क झालो. एवढा डोंगर चढून आलो तो या माणसाला दुजोरा द्यायला? मग खटला मीच हातात घेतला. मुलींच्या शिक्षणावर मी बोलू लागलो. मी चांगला बोलतो असा माझा समज आहे. ज्ञानाची कवाडं, उद्याची पहाट, सगळं आलं. घरातली मंडळी एकटक माझ्याकडे बघत होती. आपला परिणाम होतोय असं वाटून मी आवाज चढवला. मग लक्षात आलं, ती सगळी माझ्या मागे बघत होती, कारण एक शेळी माझ्या झब्ब्याचं टोक बऱ्याच वेळापासून खात होती.

त्या गडबडीत मेहुणे उठले होते. त्यांची नजर भिंतीतल्या कोनाड्याकडे गेली होती. तिथे पाण्याच्या तांब्याशेजारी थंड पेयाची एक प्लॅस्टिकची बाटली होती, आत पिवळसर काहीतरी.

"ह्यात काय हाय?"

"गोचडीचं औशिद," वडील म्हणाले. "शेळ्यास्नी लावायचं. मोठ्या डब्यातनं थोडं वतून ठिवलंय."

मेहुण्यांनी बाटलीला हात लावला नाही. आत बघून म्हणाले, "कोमल, बाळा, हितं काय चुकलंय?"

ती थोडी पुढे आली. आधी वडिलांकडे पाहिलं. मग खाली बघून, पण न अडखळता बोलू लागली. पिण्याच्या बाटलीत औषध ओतायचं नसतं, कारण हातात घेणाऱ्याला ती प्यायचीच वाटते. तिच्यावर नाव नाही. पाण्याच्या शेजारी आहे. कोनाडा खाली आहे, बाळ उभं राहायला शिकलं की त्याचा हात पोहोचेल. औषध ज्या डब्यातून आलं त्यातच ठेवायला हवं, कसं वापरावं ते त्या डब्यावर लिहिलेलं असतं, आणि कधी कुणाच्या पोटात गेलं तर तो डबा डॉक्टरांना दाखवता येतो. लावून झालं की हात धुवायचे, मग भाकरी. एवढं बोलून ती थांबली. मला वाटतं, त्या घरात ती एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलली असावी.

अंगणातलं पोर रांगत उंबऱ्यापाशी आलं होतं. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, कोनाड्याकडे बघितलं. उठून बाटली उचलली आणि बाहेर नेऊन मेढीच्या उंच खांबाच्या खाचेत ठेवली.

"हे समदं तिकडंच शिकलीस व्हय?"

"व्हय," ती म्हणाली.

ते परत येऊन बसले. तंबाखू मळता मळता मेहुण्यांना म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. तुमी पोरीसाठी आलाय का बाटलीसाठी?"

"दोन्हीसाठी," मेहुणे म्हणाले. "पोरीसाठी आलो. बाटली हितं दिसली."

वडील हसले. मग तंबाखूची चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "सोमवारी यील ती. पर चष्मा काडला तर आयकून घेऊ नगा तिचं." माझ्या भाषणाचा कुणी उल्लेख केला नाही. शेळीला तेवढं ते आवडलं होतं. उतरताना माझ्या झब्ब्याला एक बाजू कमी होती.

सोमवारी कोमल आली, तोपर्यंत प्रयोगशाळेतली सगळी टेबलं फिरवली होती. आता कुणाच्याही समोर कुणी येत नव्हतं, समोर फक्त भिंत. टेबलं हलवायला मी गेलो होतो, त्या दिवशी मला आत जायची परवानगी मिळाली होती, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. ती मुलगी पुढे शिकली आणि आता शिरवळकडच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. मध्यंतरी तिने मेहुण्यांना मोबाईलवर स्वतःचा फोटो पाठवला. पांढरा कोट, टोपी, हातमोजे, चष्मा. माझे डोळे भरून आले. मेहुण्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि म्हणाले, "चष्म्याच्या कडंला फट दिसतीय. कळवतो तिला."

गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट झाली. म्हणजे झाली असं म्हणता येणार नाही. मेहुणे मुलांना अ‍ॅसिड पातळ कसं करायचं ते दाखवत होते. पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही, काचेच्या कांडीवरून हळूहळू. बाटली त्यांच्या हातात होती. हात थरथरला, बाटलीचा काठ कांडीला लागून किणकिण वाजला. एवढंच. थेंबही बाहेर पडला नाही, मुलांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. मेहुण्यांनी बाटली खाली ठेवली, बूच लावलं आणि मुलांना जागेवर बसायला सांगितलं. दुपारी ते प्राचार्यांकडे गेले. म्हणाले, यापुढे मी वर्गातले तास घेईन, प्रात्यक्षिकं रसायनशास्त्राला नुकत्याच आलेल्या नव्या सरांकडे द्या. प्राचार्यांनी घाबरून विचारलं, "काही सांडलं का?"

"न्हाई. म्हणून तर आत्ता आलोय."

मला हे प्राचार्यांकडून कळलं. मी चिडूनच मेहुण्यांना गाठलं. म्हटलं, दादा, वयाप्रमाणे हात थोडा हलतोच, डॉक्टरही तेच म्हणतात, निवृत्तीला थोडकीच वर्षं राहिलीत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. जरा सांभाळून करा, झालं. मी बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाजी, असा हात दुसऱ्या कुणाचा असता, तर म्या त्याला आत घेतलं असतं का?"

 

नव्या सरांना त्यांनी सगळं नीट दाखवून दिलं. कुठली बाटली कुठे, कुठला नळ जरा जड आहे, कुठल्या खिडकीची कडी लागत नाही. किल्ल्या दिल्या. निरोपाचं भाषण वगैरे काही झालं नाही, कारण ते कुठे गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी खडू घेऊन वर्गात उभे होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर आता किंचित लाटांसारखं येतं. मुलांनी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

मोटारसायकलही त्यांनी सोडली. नसरापूर ते कॉलेज आता मी त्यांना मागे बसवून नेतो. माझ्या गाडी चालवण्याबद्दल माझ्या बायकोचं मत इथे देत नाही. मी समोर बघण्यापेक्षा आजूबाजूला जास्त बघतो, ब्रेक उशिरा मारतो आणि वळणावर बोलतो. मेहुणे मात्र एका शब्दाने सूचना देत नाहीत. मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवतात. तो हात सगळ्या वाटेभर थरथरत असतो, आणि मी माझ्या नकळत गाडी सावकाश चालवायला लागलोय. रस्ता अलीकडेच डांबरी झालाय, चांगला गुळगुळीत आहे. पण मी अधूनमधून म्हणतो, "दादा, रस्त्याची अगदी वाट लागलीय हो. किती धक्के बसतात."

 मग माझ्या खांद्यावरचा हात जरा घट्ट होतो आणि ते म्हणतात, "व्हय. लई खराब रस्ता."